भाकरीला जागा द्या

अध्यक्ष महोदय, कार्यकर्ते मित्र आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय ‘सामूहिक अन्न उपक्रम आणि परवडणारा सकस आहार’. मला तीन गोष्टींवर बोलायचंय. अन्न कुठे मिळतं, केवढ्याला मिळतं आणि तो भाव कोण ठरवतं. पहिल्या गोष्टीवर थोडा रेंगाळेन, कारण तिच्यावर कुणी बोलतच नाही.

आपल्या नाशिक जिल्ह्यात काय पिकतं, हे तुम्हाला सांगायला नको. लासलगावचा कांदा, पिंपळगावचा टोमॅटो, दिंडोरी-निफाडची द्राक्षं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरीच्या उतारांवर नागली, म्हणजे नाचणी, आणि वरई. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याचा विसावा हिस्साही नसतो. श्रावणात करटोली, कुरडू, टाकळा या रानभाज्या डोंगरावरून खाली येतात. आणि याच महाराष्ट्रात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे पिकवण्यात आपण कमी पडत नाही. शेतातून ताटापर्यंतच्या वाटेत कुठेतरी अडतं.

कुठे अडतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्या भागात पेठ-सुरगाण्याकडून येऊन स्थायिक झालेल्या बायकांचा एक बचत गट आहे. त्यांनी औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकासमोर नागलीची भाकरी, पिठलं आणि एक पालेभाजी विकायला सुरुवात केली. संध्याकाळी एक पाळी सुटायची, दुसऱ्या पाळीची पोरं आत जायची. भाड्याच्या खोलीत चौघं-पाचजण राहणारी ही पोरं, त्यांच्याकडे धड चूल नाही. ती रांग लावून जेवायची. एकजण म्हणाला, “मावशी, आईच्या हातची चव आहे.” त्यावर मावशी म्हणाल्या, “मग आईला फोन कर, आणि भाजी टाकू नकोस पानात!” (हशा)

वडापाव खाऊ नका, असं सांगायला मी आलेलो नाही. मिसळीविरुद्ध तर नाशिकात कुणी बोलूच नये. पण वडापाव का जिंकतो, ते समजून घ्या. तो उभ्याने खाता येतो, त्याला ताट लागत नाही, एक माणूस एका हातगाडीवर तो विकू शकतो. भाकरी तव्यावरून थेट ताटात पडावी लागते. तिला टेकायला जागा हवी, हात धुवायला पाणी हवं, पावसात वर छप्पर हवं. त्या बायकांकडे पीठ होतं, हात होते, गिऱ्हाईक होतं. जागा, पाणी आणि छप्पर तेवढं नव्हतं. एक दिवस गाडी हलवा म्हणून सांगण्यात आलं. हलवली. पुन्हा सांगण्यात आलं. पावसाळ्यात चूल भिजली आणि धंदा बंद पडला. पोरं परत वडापावकडे गेली. त्या बायकांचा स्वयंपाक कशातच कमी नव्हता, हे मी ठासून सांगतो.

आता ज्याचा मला खरोखर राग येतो ते बोलतो. दरवर्षी ठिकठिकाणी बचत गटांची प्रदर्शनं भरतात. मांडव, उद्घाटन, सत्कार, पापड, चटण्या, लोणची. पाच दिवस या बायका पहाटे उठून सगळं मांडतात. सहाव्या दिवशी मांडव उतरतो. मार्च महिन्यात तुम्हाला नागलीचं पीठ हवं असेल तर जाणार कुठे? मी गटांच्या बायकांना हे विचारतो तेव्हा त्या म्हणतात, “दादा, आम्हाला सत्कार नको, ओटा द्या.” (टाळ्या) टाळ्या त्यांच्यासाठी आहेत, मी फक्त निरोप आणलाय.

प्रेमाताई पुरव यांचं नाव इथल्या ज्येष्ठांना ठाऊक असेल. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांना घेऊन त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरणी कामगाराला घरचं जेवण देणाऱ्या या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या. प्रेमाताईंनी त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तेव्हा अडसर पैशाचा होता, तो त्यांनी काढला. आज बचत गटाला कर्ज मिळतं. आजचा अडसर जागेचा आहे.

आपल्या बुधवारच्या बाजाराचंही तसंच. गोदावरीच्या काठी, गंगेवर, ताजी भाजी येते, स्वस्त येते. पण बुधवारी दुपारी कारखान्यात असलेल्या बाईने काय करायचं? रात्री दमून आल्यावर कोपऱ्यावर जे मिळेल तेच...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, आता भरभर सांगतो.

भावाचं आधी. रिझर्व्ह बँकेच्या २०२४च्या अभ्यासात असं दिसलं की गिऱ्हाईक कांद्यावर एक रुपया खर्चतं तेव्हा शेतकऱ्याच्या हाती त्यातले ३६ पैसे पडतात, टोमॅटोचे ३३. मधल्या पैशात वाहतूक, हमाली, नासाडी, नफा सगळं आलं. मधली एखादी पायरी गळाली तर दोन्ही टोकांना फायदा होतो. राज्याने २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि शेतकऱ्याने थेट गिऱ्हाईकाला माल विकायचे संत सावता माळी शेतकरी आठवडे बाजारही सुरू झाले. रस्ता आहे. हे बाजार वस्त्यांमध्ये, संध्याकाळी भरले पाहिजेत.

जागेबद्दल ब्राझीलमधल्या बेलो होरिझोन्ते या शहराचं उदाहरण घ्या. १९९३ पासून त्या नगरपालिकेने अन्न ही आपली जबाबदारी मानली. भाजीविक्रेत्याला मोक्याची जागा दिली आणि बदल्यात ठराविक भाज्या बांधलेल्या भावाने विकायची अट घातली. आठवड्याच्या शेवटी गरीब वस्त्यांतही गाडी न्यायची. चेन्नईत २०१३ पासून महापालिकेच्या अम्मा उणवगम या स्वस्त खानावळींत बचत गटांच्या बायका रांधतात, सुरुवातीला इडली एक रुपयाला होती. आपल्याकडे २०२० साली दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. सरकारने ताटामागे अनुदान दिलं, जागा मात्र केंद्रचालकाचीच. अनुदान थांबलं की ताट थांबतं. जागा दिली की ती टिकते, म्हणून माझा भर जागेवर आहे.

आणि जागा आहेत हो! समाजमंदिरं कितीतरी दिवस कुलूपबंद असतात. मंगल कार्यालयांची स्वयंपाकघरं लग्नसराई सरली की थंड पडतात. मनमाडच्या गुरुद्वाऱ्यात लंगर आहे, सिंहस्थात आखाड्यांची अन्नछत्रं उभी राहतात. म्हणजे पंगती वाढायची ताकद या मातीत आहे. ती रोजच्या संध्याकाळी, कामगाराच्या वाटेवर वापरायची आहे.

भाव कोण ठरवणार? गटाच्या दोन बायका, रोज जेवणारे दोघं आणि प्रभाग समितीचा एक माणूस. दर तीन महिन्यांनी एकत्र बसायचं, पिठाचा आणि गॅसचा भाव बघायचा, नवा दर फळ्यावर लिहायचा. एका प्रभागात एका समाजमंदिरापासून सुरुवात करू. संध्याकाळी पाच ते दहा, नळ आणि दिवा महापालिकेचा, बाकी सगळं गटाचं. या मागणीचं पत्र मी लिहून आणलंय, दारापाशी टेबलावर ठेवलंय. वाचा, पटलं तर सही करा, आणि तुमच्या भागातलं कोणतं समाजमंदिर रिकामं असतं तेही नावासमोर लिहा.