चौदात नसलेली चौदा तारीख

(दृश्य: १३ एप्रिलची रात्र. आग्रा–मुंबई महामार्ग, मानपूर. बसच्या खिडक्यांतून निळे झेंडे.)

ही गाडी दुपारी धुळ्याहून भीमजयंतीसाठी निघाली. ही जयंती केंद्राच्या कायमच्या सुट्ट्यांत यावी, ही यातल्या लोकांची मागणी. बिजासनचा घाट चढून सेंधव्यावरून आली, आता मानपूर मागे पडतंय आणि पुढे महू. अकोल्याकडची माणसं दुसऱ्या अंगानं येतात, बऱ्हाणपूर-खंडव्यावरून. अकोला, खंडवा, महू अशी सलग मीटरगेज होती तेव्हा डब्यात पथारी पसरायची आणि सकाळी उतरायचं, असं या मावशी सांगतात. रुंदीकरणासाठी तो मार्ग तोडला गेला, तेव्हापासून त्यांचा जथा बसनं येतो.

(दृश्य: मध्यरात्र. भीम जन्मभूमी स्मारक. आतषबाजी.)

सन २००३पासून गावाचं सरकारी नाव डॉ. आंबेडकर नगर. रेल्वेच्या तिकिटावर तेच छापतात, बोलण्यात मात्र अजून महूच. इथल्या लष्करी छावणीत, काली पलटण भागात, सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव जन्मले. शंभर वर्षांनी, १९९१च्या १४ एप्रिलला, या स्मारकाची कोनशिला बसली. लोकार्पण झालं २००८च्या १४ एप्रिलला.

(निवेदन थांबतं. चाळीस सेकंद फक्त जागेवरचा आवाज.)

(दृश्य: पहाट. पांढऱ्या साड्यांची रांग. पुस्तकांचे स्टॉल. पुरी-भाजीच्या पंगती.)

रांगेत ऐकू येते ती बहुतेक मराठी. खानदेशी, वऱ्हाडी, मधूनच मराठवाड्याची. इंदूर इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर. लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, राऊ अशी स्टेशनं घेत लोकल गाडी येते, आणि त्यातल्या पहिल्या दोन स्टेशनांभोवती पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी वस्ती आहे. त्या घरांतून आज महूला किती जण आले? आम्ही डब्यात कॅमेरा फिरवला. फार नाही भेटले. रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, हेच इंदूर राजवाड्यापाशी लोटतं. त्या दिवशी जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, आणि ती रद्द करा असं कुणी म्हटल्याचं आमच्या कानावर नाही.

मग चौदा एप्रिलचं काय?

(दृश्य: केंद्राच्या सुट्ट्यांची यादी. बोट एकेका ओळीवरून खाली सरकतं.)

देशभर पाळल्या जाणाऱ्या राष्ट्रीय सुट्ट्या तीन. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. त्या धरून केंद्र सरकारच्या देशभरातल्या कचेऱ्यांना सक्तीच्या सुट्ट्या चौदा. बुद्ध पौर्णिमा आहे, महावीर जयंती आहे, गुरू नानक जयंती, ईद, मोहरम, गुड फ्रायडे, नाताळ, दसरा, दिवाळी आहे. या चौदात १४ एप्रिल नाही. २६ जानेवारीला आपण संविधान अमलात आल्याचा दिवस पाळतो. त्याच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांचा जन्मदिवस त्याच यादीबाहेर.

सुट्टी मिळते, नाही असं नाही. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आपापल्या यादीत ती घेतात. केंद्र मात्र तिचा वेगळा आदेश काढतं. त्या आदेशामागचा कायदा मोठा गमतीचा आहे: परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१. म्हणजे हुंडी आणि चेकचा कायदा, बाबासाहेबांपेक्षा दहा वर्षांनी मोठा. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरली तर पैसे कधी द्यायचे, हा त्यातला एक प्रश्न. त्यासाठी सार्वजनिक सुट्टी कशाला म्हणायचं ते कलम २५ मध्ये सांगितलं: रविवार, आणि राजपत्रातून सरकार जाहीर करील तो दिवस. सावकाराच्या सोयीसाठी केलेल्या या कलमातूनच भीमजयंतीची सुट्टी बाहेर पडते.

२०२५ साली केंद्राची घोषणा झाली २८ मार्चला. जयंतीच्या सतरा दिवस आधी.

(दृश्य: महू स्टेशन. फलाटावर झोपलेली कुटुंबं.)

आणि रेल्वेचं आरक्षण उघडतं साठ दिवस आधी. पोस्टात नोकरी करणारा हा भाऊ म्हणतो, "सुट्टी मिळणार हे ठाऊक असतंय हो, पण कागद आल्याशिवाय साहेबाला सांगता येत नाही." तोवर गाडी भरलेली. हा डबा बघा.

विरोधी बाजूही आहे. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये, दादरा नगर हवेलीच्या २ ऑगस्टच्या सुट्टीचं प्रकरण ऐकताना, सार्वजनिक सुट्टी हा कुणाचा हक्क नाही, उलट सुट्ट्या कमी करायची वेळ आली असावी, असं म्हटलं. सहाव्या वेतन आयोगाचाही सूर तोच होता. आणखी एक सुट्टी म्हणजे बँका बंद, कामं खोळंबणार, रोजंदारीवाल्याचा खाडा. हे खरंच आहे.

(दृश्य: स्मारकाच्या पायऱ्या. एक मुलगी वही उघडून बसलेली.)

बाबासाहेबांना सुट्टी कशाला, ते अठरा तास अभ्यास करायचे, असंही ऐकवलं जातं. महाराष्ट्रात जयंतीनिमित्त सलग अठरा तास वाचनाला बसायची पद्धत कित्येक ठिकाणी आहे. ती मुलं ऑफिसात किंवा वर्गात असती तर बसली कुठून असती, हे ऐकवणाऱ्यांनी सांगावं.

(दृश्य: १५ एप्रिलची सकाळ. सफाई कामगार रस्ता झाडताना.)

या कामगारांना काल सुट्टी नव्हती. आजही नाही.

(दृश्य: पुन्हा यादी.)

चौथी राष्ट्रीय सुट्टी करायला घटनादुरुस्ती लागत नाही. सक्तीच्या यादीत आणायला संसदेत विधेयकही नको. पुढच्या वर्षाची यादी केंद्राचं कार्मिक खातं आदल्या वर्षीच काढतं. तिच्यात चौदाच्या पंधरा ओळी करायच्या आणि दर वर्षीचा वेगळा आदेश थांबवायचा. धुळ्याच्या या गाडीतल्या लोकांनी त्यासाठी सह्यांचं निवेदन तयार केलंय. परतीच्या वाटेवर सेंधव्याला उतरून ते टपालात टाकतील.