जीआरई व्हर्बल: शब्द पाठ करण्याआधी वाक्य वाचायला शिका

नमस्कार. वही-पेन जवळ असेल तर हातात घ्या. नसेल तर व्हिडिओ थांबवा आणि घेऊन या, आज लागणार आहे.

आजचा विषय जीआरईचं, म्हणजे परदेशात पदव्युत्तर शिक्षणाला जाण्यासाठी देतात त्या प्रवेश परीक्षेचं व्हर्बल, म्हणजे इंग्रजीचा सेक्शन. पण सुरुवात मी मराठी वाक्याने करणार आहे.

[स्क्रीनवर वाक्य]

"समीक्षकांनी कादंबरीचं कौतुक केलं खरं, पण ते कौतुक इतकं ______ होतं की प्रकाशकाला ते मुखपृष्ठावर छापावंसं वाटलं नाही."

मोकळ्या जागेत काय येईल? मी पर्याय दिलेले नाहीत, तरी तुमच्या मनात काहीतरी आलंच असेल. 'बेताचं' आलं असेल, 'हातचं राखून केलेलं' आलं असेल. 'भरभरून' मात्र कुणाच्याच मनात आलं नसणार. का नाही आलं? 'कौतुक केलं खरं' हे ऐकलं तेव्हाच तुम्हाला कळलं की आता मागून 'पण' येतोय. मराठीत वाक्याच्या शेवटी असा 'खरं' लागला की पुढे काहीतरी उणं निघणार, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. मग 'इतकं... की' आलं आणि परिणाम सांगून गेलं: छापावंसं वाटलं नाही. झालं. उत्तर वाक्यातच होतं.

व्हर्बलमध्ये निम्म्याच्या आसपास प्रश्नांत तुम्हाला हेच करायचं असतं. हे मला कळायला चार महिने लागले. तुमचे ते चार महिने वाचावेत म्हणून हा व्हिडिओ.

माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला जीआरईचा क्लास लावला, तेव्हा पहिल्याच दिवशी शब्दांची एक जाडजूड यादी हातात पडली. रोज चाळीस शब्द पाठ करायचे, दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवायचे. बसमध्ये पाठ केले, मेसच्या रांगेत पाठ केले. आणि मग पहिली सराव परीक्षा दिली, तर व्हर्बलला १४४. हा स्कोअर १३० ते १७० मध्ये असतो, त्यावरून अंदाज घ्या. त्या रात्री मी चुकलेले प्रश्न एकेक करून पुन्हा पाहिले. त्यातल्या बहुतेक प्रश्नांत एकही शब्द मला अनोळखी नव्हता. शब्द येत होते आणि प्रश्न चुकत होते.

मग त्या याद्या आल्या कुठून? ऑगस्ट २०११ च्या आधी जीआरईत अँटोनिम्स (विरुद्धार्थी शब्द) आणि ॲनॉलॉजीज (शब्दांच्या जोडीतलं नातं ओळखणं) असायच्या. एक सुटा शब्द द्यायचा आणि त्याचा विरुद्धार्थी विचारायचा. पुढेमागे वाक्य नाही, संदर्भ नाही. तेव्हा यादी पाठ करणं अगदी योग्य होतं. २०११ ला परीक्षा बदलली, हे दोन्ही प्रकार गेले. पण याद्या सिनिअरकडून ज्युनिअरकडे जातच राहिल्या. आजही तुमच्या कुठल्यातरी ग्रुपवर ती पीडीएफ फिरत असेल.

आता परीक्षेचं आजचं रूप, थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२३ पासून जीआरई छोटी झाली, सगळी मिळून एक तास अठ्ठावन्न मिनिटं. सुरुवातीला अर्ध्या तासाचा एक निबंध असतो, त्यावर वेगळा व्हिडिओ करेन. व्हर्बलचे दोन भाग: पहिल्यात १८ मिनिटांत १२ प्रश्न, दुसऱ्यात २३ मिनिटांत १५. पहिला भाग जसा जाईल, त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. प्रश्न तीन प्रकारचे: टेक्स्ट कम्प्लिशन, म्हणजे मोकळ्या जागा भरा; सेंटेन्स इक्विव्हॅलन्स, म्हणजे एकाच जागेसाठी सारखा अर्थ देणारे दोन शब्द निवडा; आणि रीडिंग कॉम्प्रिहेन्शन, म्हणजे उतारा वाचून उत्तरं द्या.

सेंटेन्स इक्विव्हॅलन्स घेऊ, कारण सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार तोच आहे. आपलंच वाक्य पुन्हा घ्या. आता सहा पर्याय देते. त्यातले दोन निवडायचे, आणि त्या दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच व्हायला हवा. एक बरोबर आणि एक चूक असं झालं तर अर्धे गुण मिळत नाहीत, शून्यच.

[स्क्रीनवर पर्याय: इफ्यूसिव्ह, क्वालिफाईड, टेक्निकल, लॅव्हिश, गार्डेड, ओरिजिनल]

थांबवा व्हिडिओ. एक मिनिट घ्या.

झालं? इफ्यूसिव्ह आणि लॅव्हिश ही छान जोडी दिसते, दोन्हींचा अर्थ भरभरून, सढळ. ती मुद्दाम ठेवलेली असते. जो वाक्य न वाचता पर्यायांतली जोडी शोधतो, तो तिथे अडकतो. आता टेक्निकल पाहा. कौतुक फार तांत्रिक भाषेत होतं म्हणून छापलं नाही, हे वाक्यात बसतंय की! पण त्याला जोडीदार नाही, म्हणून बाद. ओरिजिनललाही जोडीदार नाही, तोही बाद. उरले गार्डेड आणि क्वालिफाईड. गार्डेड म्हणजे सांभाळून, हातचं राखून केलेलं. आणि क्वालिफाईड?

इथेच मी त्या परीक्षेत चुकले होते. माझ्या डोक्यात क्वालिफाईड म्हणजे पात्र. क्वालिफाईड डॉक्टर, क्वालिफाईड इंजिनिअर. पण क्वालिफाय करणे म्हणजे विधानाला अट घालणे, मर्यादा घालणे असाही अर्थ आहे. क्वालिफाईड प्रेझ म्हणजे 'बरं आहे, पण...' असं कौतुक. यादीत हा शब्द कशाला असेल? सोपा आहे ना! जीआरईला असेच शब्द आवडतात, तुमच्या ओळखीचे, पण दुसऱ्याच अर्थाने आलेले. चेक म्हणजे आवर घालणे. आर्टलेस म्हणजे कलाशून्य असं वाटतं, पण बऱ्याचदा त्याचा अर्थ निष्कपट, भाबडा असतो. पेडेस्ट्रियन म्हणजे नीरस, चारचौघांसारखं. सँक्शन म्हणजे मंजुरी देणे आणि सँक्शन म्हणजे निर्बंधही. कुठला अर्थ घ्यायचा ते वाक्यच सांगतं.

आता मी सगळ्यात जास्त वेळ कुठे घालवला ते सांगते. मोठ्या शब्दांवर नाही, बारक्या शब्दांवर. बट, ऑल, इफ. हे पहिलीतल्या मुलालाही येतात, म्हणून आपण त्यांच्याकडे बघतच नाही.

लिहून घ्या. 'एनिथिंग बट मॉडेस्ट' म्हणजे मुळीच विनम्र नाही. 'नथिंग बट' म्हणजे फक्त, निव्वळ. आणि 'ऑल बट' म्हणजे जवळजवळ. 'द कस्टम हॅज ऑल बट डिसअपिअर्ड', म्हणजे ती प्रथा जवळपास नाहीशीच झालीय. तिन्हीकडे बट आहे, आणि तिन्हीकडे अर्थ वेगळा. घाईत वाचणारा 'एनिथिंग बट' मधलं एनिथिंग गिळतो आणि मॉडेस्ट तेवढं धरतो. अर्थ बरोब्बर उलटा होतो, आणि मग सगळेच पर्याय विचित्र वाटायला लागतात.

तसंच इफ. शाळेत आपण इफ म्हणजे जर शिकलो. पण 'अ यूजफुल, इफ डल, बुक' यात जर कुठेच नाही. हा इफ म्हणजे 'असलं तरी'. पुस्तक कंटाळवाणं असलं तरी उपयोगाचं आहे. स्वल्पविरामांच्या मध्ये अडकलेला इफ दिसला की 'असलं तरी' लावून बघा. आणि 'अ‍ॅडमिटेडली', 'ग्रँटेड', 'टू बी शुअर' हे शब्द वाक्याच्या तोंडाशी दिसले, तर ते आपल्या मघाच्या 'खरं'चे भाऊ आहेत. मागून बट किंवा येट येतोय, तयार राहा.

माझी रीत अगदी साधी होती. पर्याय हाताने झाकायचे. वाक्य वाचायचं, मोकळ्या जागेत मराठीत जे येईल ते वहीत लिहायचं, आणि मगच हात काढायचा. टेक्स्ट कम्प्लिशनमध्ये दोन-तीन मोकळ्या जागा असल्या, तर पहिलीपासूनच सुरू करायला हवं असं नाही. जी सगळ्यात स्पष्ट दिसते ती आधी भरा, बाकीच्या तिच्या आधाराने भरता येतात. तिथेही सगळ्या जागा बरोबर आल्या तरच गुण. मराठीत विचार केल्याने वेग जातो असं मला सांगितलं होतं. सुरुवातीला जातो, हे खरंय. दोन आठवड्यांत तो परत येतो, आणि अर्थाची पकड राहते.

आता रीडिंग कॉम्प्रिहेन्शन. यातही उतारा मराठीतच दाखवते, म्हणजे भाषेची भीती बाजूला राहील.

[स्क्रीनवर उतारा]

"सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांनी एकदम फुलते. काही अभ्यासक म्हणतात, एकाच वेळी इतकं बी पडलं की खाणाऱ्यांची पोटं भरतात आणि तरी रुजायला बी उरतं. यावरून सगळी झुडपं एकत्र का फुलतात ते समजतं. मात्र हा काळ सात-आठ वर्षांचाच का, ते समजत नाही."

प्रश्न: या स्पष्टीकरणाबद्दल लेखकाचं मत काय? पर्याय: एक, ते चुकीचं आहे. दोन, ते अपुरं आहे. तीन, ते सिद्ध झालेलं आहे.

उत्तर दोन. पण सरावात माझी मैत्रीण 'चुकीचं' निवडत राहायची, कारण 'मात्र' दिसला की तिला वाटायचं लेखकाने आधीचं सगळं खोडलं. नाही खोडलं. अर्धं मान्य केलं आणि उरलेल्या अर्ध्यावर बोट ठेवलं. या परीक्षेतले लेखक फार क्वचित कुणाला पूर्ण खोटं ठरवतात. म्हणून 'नेव्हर', 'ओन्ली', 'कम्प्लीटली' असे टोकाचे शब्द पर्यायात असले, तर उताऱ्यात तेवढा ठोस आधार आहे का ते पाहा. आणि प्रत्येक वाक्यापाशी स्वतःला विचारा: हे कोण बोलतंय? लेखक स्वतः, की ज्यांच्याबद्दल तो लिहितोय ते? वरच्या उताऱ्यात दुसरं वाक्य अभ्यासकांचं आहे, तिसरं लेखकाचं. एवढं वेगळं करता आलं की निम्मे प्रश्न सुटतात.

एका प्रकारात तीन पर्याय असतात आणि बरोबर असतील तेवढे सगळे निवडायचे असतात. एक, दोन किंवा तिन्ही. तिथे पर्यायांची आपसात तुलना करू नका. प्रत्येकाला उताऱ्यासमोर एकट्याने उभं करा.

मग शब्द पाठ करायचेच नाहीत का? करायचे. पण स्वतःच्या वहीत, वाचताना भेटलेले, वाक्यासकट, आणि शेजारी नेमका मराठी शब्द. इंग्रजी शब्दाचा इंग्रजीतच अर्थ लिहिला की छटा निसटते. मराठीत ती पकडता येते. फ्रूगल म्हणजे काटकसरी, पार्सिमोनियस म्हणजे चिकट. आजीला काटकसरी म्हटलं तर ती खूश होईल, चिकट म्हटलं तर दोन दिवस बोलणार नाही. छटा म्हणजे हीच. ऑफिशसचा ऑफिसशी संबंध नाही, तो लुडबुड्या. सायकोफंट म्हणजे लाळघोट्या. फास्टिडियस म्हणजे अतिचोखंदळ, सहजी पसंती न देणारा. लॅकोनिक म्हणजे मोजकंच बोलणारा. एनर्व्हेटमध्ये एनर्जीचा भास होतो, पण अर्थ आहे गळाठून टाकणे. रेस्टिव्हमध्ये रेस्ट दिसते, पण तो माणूस अस्वस्थ असतो. अशा फसव्या शब्दांना वहीत वेगळं पान द्या.

सरावासाठी ईटीएसच्या, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या, दोन पॉवरप्रेप परीक्षा मोफत मिळतात. एक तयारीच्या सुरुवातीला द्या. दुसरी परीक्षेच्या दहा-बारा दिवस आधीपर्यंत उघडूसुद्धा नका. आणि परीक्षा दिलीत त्याच दिवशी चुका तपासा. प्रत्येक चुकीपुढे एक शब्द लिहा: शब्द माहीत नव्हता, वाक्य नीट वाचलं नाही, की वेळ संपला. माझ्या वहीत 'वाक्य' हा शब्द पानभर होता. दुसऱ्या प्रयत्नात मला १५७ मिळाले. तोपर्यंत त्या यादीतले अर्धे शब्द मी विसरलेही होते.

आता जाता जाता एक वाक्य देते. पर्याय नाहीत, मोकळी जागाही नाही.

[स्क्रीनवर: "द चीफ गेस्ट्स स्पीच वॉज एनिथिंग बट लॅकोनिक."]

कार्यक्रम वेळेत संपला की लांबला? उत्तर वहीत लिहा, आणि त्याखाली लिहा की ते तुम्हाला कुठल्या शब्दावरून कळलं.