बांबूचा परवाना कोणाच्या हाती?

श्रोतेहो, नमस्कार.

जंगलतोडीचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच रोपं लावण्याच्या गोष्टी सुरू होतात. रोपं जरूर लावावीत. पण उभं असलेलं जंगल टिकवायचं कसं? त्यासाठी आज आपण गडचिरोली जिल्ह्यात जाऊ, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड आदिवासींच्या गावी.

या भागात घराच्या छतापासून कुंपणापर्यंत, सुपापासून टोपलीपर्यंत सगळीकडे बांबू लागतो. पावसाळ्यात कोवळ्या कोंबांची, म्हणजे वास्त्यांची भाजी होते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं बांबू हे गवत. पण इंग्रजांनी 1927 च्या वन कायद्यात त्याची गणना झाडांत केली आणि त्याचा ताबा वनखात्याकडे गेला. कागद गिरण्यांना ठेक्यानं बांबू मिळायचा, गावाला मात्र परवानगी मागावी लागायची.

2006 च्या वनहक्क कायद्यानं हे उलटं केलं. बांबू गौण वनउपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा वनस्पतिजन्य माल ठरला आणि त्यावर गावाचा हक्क मान्य झाला. 2009 मध्ये मेंढा-लेखाला सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक.

तरीही घोडं अडलं ते वाहतूक परवान्यापाशी. बांबू गावाचा, पण परवान्याशिवाय तो विकत कोण घेणार? गावानं नेट सोडला नाही. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हवाली झाली. गावचे नेते देवाजी तोफा यांच्या या गावाची घोषणा तुम्ही ऐकली असेल: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार!

ही घोषणा पोकळ नाही. गावात निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालू राहते. वेळ लागतो, पण ठरलेलं सगळे पाळतात.

आता बांबूचं बेट डोळ्यांसमोर आणा. नवा कोंब एका पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो, पण पक्का व्हायला त्याला साधारण तीन वर्षं लागतात. म्हणून जून बांबू काढायचे, कोवळे राखायचे. ज्याला पुढच्या वर्षी त्याच बेटाकडे यायचंय, तो सरसकट तोड करत नाही. ठेक्याची मुदत संपली की निघून जाणाऱ्याकडून ही काळजी कशी अपेक्षावी? प्रदूषण असो की जंगलतोड, नुकसान ज्याच्या दारात होतं त्याला निर्णयाचा अधिकार देणारं धोरणच मला खरं पर्यावरण धोरण वाटतं.

सप्टेंबर 2012 मध्ये वनहक्क नियमांत दुरुस्ती झाली. तेव्हापासून गौण वनउपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समितीच देऊ शकते. त्यासाठी आता मंत्र्यानं गावात यावं लागत नाही.