तिकीट काढण्याआधी हंगाम बघा

[दृश्य : तांब्याची खोल कढई, वर वाफ.]

सकाळ अजून कोवळी आहे. इटलीत पार्माजवळच्या एका चीजच्या कारखान्यात दोघं जण कढईवर वाकले आहेत. कढई तांब्याची, उलट्या घंटेसारखी. तळाशी दुधाचा घट्ट गोळा बसलाय. लाकडी फावड्यानं तो अलगद वर येतो, कापडात धरला जातो आणि लांब सुरीनं मधोमध कापला जातो. एकाचे दोन झाले. इथले लोक त्यांना ‘जुळी’ म्हणतात. मिठाच्या पाण्यात बुडून, मग फळीवर किमान १२ महिने मुरून, यातल्या प्रत्येकातून पार्मिजानो रेज्जानो चीजचं एक गोल चाक होईल. एकेका चाकाला साधारण ५५० लिटर दूध लागतं आणि चाक भरतं ४० किलोच्या आसपास.

हे सगळं सकाळचं काम. दुपारी पोचलात, तर धुतलेल्या कढया आणि ओली फरशी बघून परत याल.

सुट्टीचं आपलं गणित बहुतेक वेळा उलटं असतं. रजा मिळते, तिकीट निघतं, हॉटेल ठरतं आणि तिथं उतरल्यावर आपण विचारतो, इथं खायला चांगलं काय मिळतं? खाण्यापिण्यासाठीच निघायचं असेल तर आधी पदार्थ ठरवावा. तो कोणत्या महिन्यात आणि कोणत्या प्रहरी तयार होतो, हे शोधावं. रजेचा अर्ज त्यानंतर.

[दृश्य : द्राक्षमळे. मागे कॉकेशस पर्वताची रांग.]

जॉर्जिया या देशातला काखेती प्रांत. सप्टेंबर संपत येतो तसा इथं ‘रत्वेली’चा, म्हणजे द्राक्षतोडणीचा, काळ भरात येतो. पोखरलेल्या ओंडक्याच्या लांब डोणीत घड ओततात आणि अनवाणी पायांनी तुडवतात. रस वाहतो तो जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या मातीच्या रांजणात, क्वेव्रीत. रांजणाला आतून मधमाशीच्या मेणाचा हात फिरवलेला असतो. काखेतीच्या पद्धतीत साली, बिया, कधी देठसुद्धा रसासोबतच राहतात. पांढऱ्या द्राक्षांच्या वाईनला मधासारखा रंग चढतो तो त्यामुळेच. या देशात सापडलेल्या खापरांवर सुमारे ८००० वर्षांपूर्वीच्या वाईनच्या खुणा आहेत. क्वेव्रीची ही रीत २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

शेजारी चुलीवर द्राक्षाचा रस पिठासोबत आटतोय. दोऱ्यात ओवलेले अक्रोड त्यात बुडवायचे, वाळायला टांगायचे, पुन्हा बुडवायचे. ही चुर्चखेला. रात्री पंगत बसते आणि ‘तमादा’, म्हणजे पंगतीचा सूत्रधार, उठतो. प्याला उचलण्याआधी कुणासाठी, कशासाठी, हे तो बोलतो. त्याच्या शब्दाआधी पिण्याची घाई करू नये.

पण रत्वेलीची तारीख छापलेली नसते. ऊन-पाऊस आणि द्राक्षातली साखर बघून प्रत्येक घर आपला दिवस ठरवतं. म्हणून ज्यांच्याकडे उतरणार, त्यांना महिनाभर आधी विचारा, तोडणी कधी धरताय? आणि हाताशी दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. वाईन चाखणार असाल त्या दिवशी गाडी स्वतः चालवू नका, ड्रायव्हर आधीच सांगून ठेवा.

[दृश्य : टोकियो. पहाटेचा बाजार.]

टोकियोचा मासळीबाजार २०१८ मध्ये त्सुकिजीहून तोयोसूला गेला. ट्यूनाचा लिलाव जवळून पाहायचा तर आधी अर्ज, मग सोडत. नंबर लागला तर भल्या पहाटे हजर. दार्जिलिंगच्या पहिल्या तोडणीचा चहा हवा असेल तर मार्च-एप्रिल गाठावा. पावसाळ्यातली पानं त्याच झुडपांची असतात, पण चव निराळी.

पोटाची सोय मात्र विसरू नका. आमचं मत विचाराल तर दिवसाला एकच मोठा अनुभव पुरे. दुसऱ्याच्या वेळी जीभ थकलेली असते. एखादा पदार्थ अंगावर उठत असेल तर ते तिथल्या भाषेत कागदावर लिहून जवळ ठेवा. चीज किंवा मांस बांधून आणण्याआधी आपल्या देशाचे नियम वाचा. पुष्कळ ठिकाणी अशा वस्तू विमानतळावरच काढून घेतात.

[दृश्य : पुन्हा काखेती. दिवस मावळतोय.]

क्वेव्रीतला रस आंबताना उकळ्या मारून आता शांत झाला आहे. घरातला म्हातारा क्वेव्रीच्या तोंडावर झाकण ठेवतो, कडेनं ओली माती लिंपतो, तळहातानं दाबत एक फेरी पुरी करतो. ही क्वेव्री वसंतात उघडेल. उघडताना कुणाला यायचं असेल, तर तो आजच सांगून ठेवा म्हणतो.