डेटा एन्ट्रीचा करारनामा आणि खोटी नोटीस

पडद्यावर डावीकडे एक धूसर चित्र, उजवीकडे रिकामे रकाने. चित्रातला मजकूर जसाच्या तसा टाइप करायचा. असे पाचएकशे फॉर्म, मुदत पाच-सहा दिवसांची, आणि अचूकता नव्वद टक्क्यांच्या वर हवी. घरबसल्या डेटा एन्ट्रीच्या नावाखाली होणारी फसवणूक बहुतेकदा अशी सुरू होते.

सुरुवातीला पैसे मागत नाहीत, म्हणून विश्वास बसतो. आधार, पॅन, फोटो आणि सही मात्र मागून घेतात. ती सही स्टॅम्प पेपरवर चिकटवून 'करारनामा' मेल करतात.

काम संपलं की निकाल येतो: नापास. एखादी जादा स्पेस, सुटलेला पूर्णविराम, सगळं चुकांत धरलेलं. तपासणारे तेच, त्यामुळे कुणी पास होतच नाही. मग फोन येतो: करार मोडलात, पोर्टलचा खर्च भरा. नकार दिला की 'वकील' बोलतो, व्हॉट्सॲपवर शिक्का मारलेली नोटीस येते, अटकेची धमकी मिळते. घाबरून पैसे भरले, तर पाठोपाठ 'एनओसी'ची (ना हरकत प्रमाणपत्राची) फी मागतात.

इथे लोभापेक्षा भीतीच जास्त पैसे काढून घेते, आणि ती भीती निराधार आहे. ठरलेलं काम न जमणं हा गुन्हा नव्हे, त्यावरून पोलीस अटक करत नाहीत. भारतीय करार कायदा, 1872, कलम 74: दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं. फसवून घेतलेली संमती असेल, तर कलम 19 प्रमाणे तो करार तुम्हाला नाकारता येतो. न्यायालयात दावा दाखल असेल तर त्याला 16 अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो मागा आणि ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा.

पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. गेलेले पैसे काही मिनिटांत पुढच्या खात्यांत वळवले जातात. खात्यात उरलेली रक्कमच बँक रोखू शकते. व्यवहाराची वेळ, रक्कम आणि यूपीआयचा 12 अंकी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, हाताशी ठेवा. चॅट डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या.

पैसे वाचले तरी कागदपत्रं त्यांच्याकडेच राहतात. म्हणून संचार साथी या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावाची सिमकार्डं पाहा, आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, आणि पुढचे काही महिने क्रेडिट रिपोर्टमध्ये अनोळखी कर्ज दिसतंय का ते तपासत राहा.