संगणकीय जीवशास्त्राची पदवी: कोणता विषय कधी

[दृश्य: पिट्सबर्ग. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा परिसर, सकाळची वर्दळ.]

अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकीय जीवशास्त्राची, म्हणजे जीवशास्त्राचे प्रश्न संगणक आणि गणितानं सोडवणाऱ्या शाखेची, चार वर्षांची बी.एस. पदवी आहे. ही पदवी जीवशास्त्र विभागाची नाही, स्कूल ऑफ कॉम्प्युटर सायन्सची आहे. त्यामुळे जनुकांच्या ओढीनं आलेल्या विद्यार्थ्यापुढे पहिल्या वर्षी सगळ्यात आधी येतात ते प्रोग्रॅमिंग, कॅल्क्युलस आणि सिद्धता.

पदवीला 360 युनिट लागतात. एक युनिट म्हणजे आठवड्याला साधारण एक तास काम, वर्गातलं आणि वर्गाबाहेरचं मिळून. आठ सत्रांत वाटले तर सत्राला 45 होतात. बारा-बारा युनिटांचे चार विषय घेतले की आठवड्याचे 48 तास तिथेच संपले. नव्या विद्यार्थ्याला पाचवाही झेपेल असं वाटतं, आणि मग सत्राच्या मध्यावर गृहपाठ तुंबतात.

विषयांची यादी कोणीही वाचू शकतं. खरी मेख आहे ती क्रमात.

[दृश्य: फळ्यावर खडूनं काढलेले चौकोन, त्यांना जोडणारे बाण.]

सुरुवात 15-112 क्रमांकाच्या विषयापासून. हा प्रोग्रॅमिंगचा पाया, भाषा पायथन. यात किमान सी श्रेणी मिळाली तरच 15-122 चं, म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या पुढच्या विषयाचं, दार उघडतं. तिथे आधी सी-झिरो आणि नंतर सी भाषा वापरतात. सी-झिरो ही याच विद्यापीठात शिकवण्यासाठी तयार झालेली भाषा. प्रत्येक फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एका छोट्या कामाच्या तुकड्याच्या, डोक्यावर लिहायचं: आत येताना काय खरं असलं पाहिजे, बाहेर पडताना काय खरं असेल. प्रत्येक लूपमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा चालणाऱ्या भागात, कोणती गोष्ट बदलत नाही, तेही लिहायचं.

जीवशास्त्राला याचा काय उपयोग? जनुकाची जागा सांगणाऱ्या दोन प्रचलित फाइली घ्या. बेड फाइल मोजणी शून्यापासून करते, जीएफएफ एकपासून. क्रोमोसोमची (गुणसूत्राची) पहिली शंभर अक्षरं, म्हणजे डीएनएचे ए, सी, जी, टी हे घटक, एकीत 0 ते 100 अशी लिहितात, दुसरीत 1 ते 100. एकीचे आकडे दुसरीच्या नियमानं वाचले, की सुरुवात एका अक्षरानं सरकते. डीएनए तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो, म्हणून पुढचा प्रत्येक त्रिक चुकतो आणि प्रथिन भलतंच निघतं. प्रोग्रॅम मात्र कसलीही तक्रार न करता चालतो. लूपच्या सीमा लिहून काढायची सवय ज्याला लागली आहे, त्यालाच ही चूक दिसते.

प्रोग्रॅमिंगच्या जोडीला गणिती सिद्धतेचा विषय असतो, 21-127 किंवा 15-151. तो पुढच्या वर्षावर ढकलणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. त्याच्याशिवाय 15-251, म्हणजे सैद्धांतिक संगणकशास्त्र घेता येत नाही, आणि तिथून पुढची साखळी अडून राहते.

[दृश्य: आलेख कागदावर आठ आडव्या, सात उभ्या घरांचा तक्ता. पेन्सिल एकेक घर भरते आहे.]

या शाखेची खरी ओळख होते ती 02-251 मध्ये. हा विषय पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना समोर ठेवूनच आखलेला आहे. अशा अभ्यासात सर्वांत आधी शिकण्याजोगी गोष्ट म्हणजे डीएनएच्या अक्षरांचे दोन क्रम एकमेकांशी जुळवणं. ती रीत नीडलमन आणि वुन्श यांनी 1970 मध्ये मांडली.

एक क्रम घेऊ जी-ए-टी-टी-ए-सी-ए, दुसरा जी-टी-टी-ए-सी-ए. अक्षर जुळलं तर अधिक एक, नाही जुळलं तर उणे एक, जागा रिकामी सोडली तर उणे दोन. रिकामी जागा दुसऱ्या क्रमाच्या शेवटी ठेवली तर दोनच अक्षरं जुळतात, चार चुकतात, आणि गुण होतात उणे चार. तीच जागा पहिल्या जी नंतर ठेवा. आता सहा अक्षरं जुळतात, दोन गुण वजा होतात, बेरीज येते अधिक चार. सर्वोत्तम जागा शोधायला सगळ्या शक्यता तपासाव्या लागत नाहीत. 56 घरांचा तक्ता (दोन्ही क्रमांच्या सुरुवातीला एकेक रिकामं घर धरून आठ गुणिले सात) पुरतो, कारण प्रत्येक घर फक्त वरच्या, डावीकडच्या आणि तिरक्या शेजाऱ्याकडे पाहून भरतं.

हे हातानं एकदा तरी करावं. मग दहा हजार अक्षरांचे दोन क्रम घेतले की तक्त्यात दहा कोटी घरं होतात, आणि घराला चार बाइट धरले तर 400 मेगाबाइट मेमरी लागते. माणसाचा पहिला क्रोमोसोम सुमारे 25 कोटी अक्षरांचा आहे, तिथे ही रीत थकते. अल्गोरिदमचा वेगळा विषय का सक्तीचा, ते इथे कळतं.

संभाव्यताशास्त्राचंही तसंच. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे 20,000. दोन गटांत प्रत्येकात फरक आहे का याची चाचणी 0.05 च्या उंबरठ्यावर, म्हणजे योगायोगानं चुकण्याची पाच टक्के मुभा ठेवून, घेतली, तर काहीही फरक नसतानासुद्धा साधारण 1,000 जनुकं 'महत्त्वाची' ठरतील. बेंजामिनी आणि होखबर्ग यांची 1995 ची दुरुस्ती, म्हणजे अशा खोट्या निकालांचं प्रमाण आवाक्यात ठेवणारी रीत, एका ओळीच्या आदेशानं वापरता येते, पण ती काय थोपवते आणि काय नाही, हे संभाव्यता शिकल्याशिवाय उमगत नाही.

[दृश्य: प्रयोगशाळा. मायक्रोपिपेटच्या दांड्यावर अंगठा.]

जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र तर आहेतच, शिवाय 02-261 ही प्रयोगशाळाही. कोड लिहिणाऱ्यांना ती नकोशी वाटते, तरी ती टाळू नये. पिपेटचा, म्हणजे थोडासा द्रव मोजून घेण्याच्या साधनाचा, दांडा पहिल्या अडथळ्यापर्यंत दाबून द्रव घ्यायचा असतो आणि सोडताना दुसऱ्यापर्यंत दाबायचा. घेतानाच दुसऱ्यापर्यंत दाबला तर द्रव जास्त येतो. क्यूपीसीआरमध्ये, म्हणजे डीएनए फेरीफेरीनं वाढवत मोजण्याच्या चाचणीत, डीएनए दर फेरीला जवळपास दुप्पट होतो, त्यामुळे नमुना वीस टक्के जास्त पडला तर निकाल सुमारे पाव फेरीनं अलीकडे येतो. आकडेवारीत जो गोंगाट, म्हणजे अर्थहीन चढउतार, दिसतो, त्यातला काही असा अंगठ्यातून आलेला असतो.

नोंदी एक्सेलमध्ये ठेवणाऱ्यांनी आणखी एक जपावं. सेप्ट-2 आणि मार्च-1 या जनुकांची इंग्रजी नावं एक्सेल तारखा समजून बदलून टाकत असे. हा त्रास इतका वाढला की जनुकांना नावं देणाऱ्या समितीने 2020 मध्ये ती नावंच बदलली. जुन्या फाइलींत मात्र त्या तारखा आजही सापडतात, म्हणून जनुकाचा रकाना आधीच 'मजकूर' म्हणून ठरवून घ्यावा.

[दृश्य: महाविद्यालयाचा प्रवेश अर्ज, विषयांचे रकाने.]

महाराष्ट्रातून या वाटेला जाऊ पाहणाऱ्यांचा प्रश्न अकरावीतच उभा राहतो. पीसीबी घेतलं की गणित सुटतं, पीसीएम घेतलं की जीवशास्त्र. दोन्ही ठेवता आली तर उत्तम. एकच ठेवायचं झालं तर या पदवीसाठी गणित ठेवावं, कारण पहिल्या सत्रापासून कॅल्क्युलस आणि सिद्धता अंगावर येतात, तर जीवशास्त्राची उणीव एका उन्हाळ्याच्या नेटक्या वाचनानं बरीच भरून काढता येते.

प्रवेश मिळाल्यावर आपल्या प्रवेशवर्षाचा कॅटलॉग उतरवून ठेवावा, कारण विषयांचे क्रमांक आणि अटी अधूनमधून बदलतात. त्यातला प्रत्येक विषय कोणत्या सत्रात असतो ते पेन्सिलीनं लिहावं. वर्षातून एकदाच होणारा विषय हुकला तर वर्षभर थांबावं लागतं. हा कागद घेऊन नोंदणीच्या आधी सल्लागाराला भेटावं, नोंदणी झाल्यावर नव्हे.