चांगलं घडतं, पण अंगी लागत नाही
(अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात एका समुपदेशक सभासदाने केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी. श्रीखंड-पुरीनंतरचं भाषण आहे, तेव्हा पेंगणाऱ्यांना माझी आगाऊ परवानगी.

कार्यकारिणीने मला ‘सकारात्मक विचार’ असा विषय दिला होता. तो मी जरा बदलून घेतला, कारण सकारात्मक विचारांचे सल्ले ऐकून आणखी खचलेली माणसं माझ्याकडे बरीच येतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं वाक्य मनाशी घोकायला सांगितलं. ज्यांना स्वतःबद्दल मुळात बरं वाटत होतं त्यांना थोडा फायदा झाला. ज्यांना वाटत नव्हतं त्यांना उलट जास्तच वाईट वाटलं. साहजिक आहे. तोंड एक म्हणत असतं आणि आतून कुणीतरी म्हणतं, ‘खोटं!’

म्हणून आज विचारांबद्दल नाही, अनुभवांबद्दल बोलते. खरोखर घडलेल्या, लहानशा, चांगल्या अनुभवांबद्दल.

आपल्या गणेशोत्सवाचंच घ्या. आरास सुंदर होते, मुलांचं नाटक रंगतं, शंभर माणसं भेटून छान झालं म्हणतात. आणि कार्यकारिणीतला माणूस रात्री गाडीत बसल्यावर बायकोला काय सांगतो? ‘त्या अमक्या म्हणाल्या, मोदक कमी पडले.’ (हशा) हसताय, म्हणजे ते इथेच बसलेत. यात त्यांचा दोष नाही. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये यावरचं बरंच संशोधन एकत्र मांडलं. वाईट प्रसंग, वाईट शब्द, वाईट बातमी यांचा ठसा तेवढ्याच चांगल्यापेक्षा खोल उमटतो, असा त्याचा निष्कर्ष. धोका लक्षात ठेवणारे जगले आणि त्यांचे आपण वंशज, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. जगायला ते उपयोगी पडलं असेल, पण झोपायला पडत नाही.

खाल्लेलं अंगी लागत नाही असं आपण एखाद्या मुलाबद्दल म्हणतो ना, तसं बऱ्याच जणांचं चांगल्या अनुभवांच्या बाबतीत होतं. ताटात येतं, पोटातही जातं, पण बळ येत नाही. समुपदेशनात आम्ही काय करतो ते सांगते. माझ्याकडे आलेल्या कुणाची खरी गोष्ट सांगणार नाही, त्यामुळे प्रसंग रचलेला आहे.

समजा, एका माणसाचा ले-ऑफ झालाय. एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीला बांधलेल्या व्हिसावर आहे, म्हणजे दुसरी सोय करायला हातात जास्तीत जास्त साठ दिवस. तो पाऊण तास त्याबद्दल बोलतो आणि मध्येच म्हणतो, ‘जुन्या मॅनेजरने स्वतःहून फोन केला, रेफरन्स देतो म्हणाला. असो. तर मूळ मुद्दा असा की...’

मी त्या ‘असो’पाशी थांबवते. फोनवर नेमकं काय म्हणाला तो? ऐकताना काय झालं? ‘बरं वाटलं.’ बरं म्हणजे शरीरात कुठे? मग तो जरा वेळ गप्प. ‘खांदे खाली आले असावेत.’ तिथेच आम्ही दहा-वीस सेकंद राहतो. घाई करायची नाही, भाषण द्यायचं नाही. मग विचारायचं, त्या माणसाने तुमची आठवण का ठेवली असेल? रिक हॅन्सन या कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञाने हे टप्प्यांत मांडलंय: अनुभव असू द्यायचा, तो भरू द्यायचा, मुरू द्यायचा, आणि हवं तर शेवटी जुन्या दुखऱ्या जागेशी जोडायचा. यामुळे मेंदूच्या तारा नव्याने जोडल्या जातात वगैरे भाषा मला जरा अतिउत्साही वाटते. पद्धत मात्र कामाची आहे.

हॅन्सन यांची मला सर्वांत पटलेली गोष्ट वेगळीच आहे. कुठलंही चांगलं कुठल्याही दुखण्याला चालत नाही. सुरक्षितता, समाधान आणि आपलेपणा अशा तीन मूळ गरजा ते मानतात. आपल्या माणसाच्या मनात ‘मी कुणाच्या खिजगणतीतही नाही’ हे असेल तर तो फोन नेमका लागू पडेल. पण रात्री त्याला ‘घराचं, मुलांच्या शाळेचं काय होणार’ या धास्तीने जाग येत असेल, तर कौतुकाचे दहा फोनही उपयोगाचे नाहीत. मग इमिग्रेशन वकिलाशी बोलून झाल्यावर जे थोडं हायसं वाटलं, बायको ‘बघू, काढू मार्ग’ म्हणाली तेव्हा जो श्वास सुटला, तिथे थांबायचं. व्हिसाचं घड्याळ चालूच असतं, ते नाकारायचं नाही.

हे सगळं कधी करू नये, तेही सांगते. घरात मारहाण होत असेल तर त्या बाईला चांगल्या क्षणांकडे बघायला सांगणं हा अन्याय आहे, आधी तिची सुटका. तीव्र नैराश्यात काहीच जाणवत नाही, तिथे जाणवून घ्या म्हणून मागे लागलं की माणूस स्वतःलाच आणखी एका परीक्षेत नापास करतो. लहानपणी मोठा आघात झालेल्या काहींना तर निवांतपणाचीच भीती वाटते. सैल झालो की घात होतो, हा त्यांचा अनुभव असतो. डेबोरा कॉर्न आणि अँड्र्यू लीड्स या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये अशा रुग्णांसाठी जुन्या जखमेला हात घालण्यापूर्वी आधाराच्या आठवणी पक्क्या करून घेण्याची पद्धत मांडली. हॅन्सन यांचा जुन्या दुखऱ्या जागेशी जोडण्याचा तो शेवटचा टप्पा म्हणूनच घरी एकट्याने करू नका.

पुरावा आहे का? मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रॅस्के यांच्या गटाने २०१९ मध्ये नैराश्य किंवा चिंता असलेल्या ९६ जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. पंधरा सत्रं होती. निम्म्यांवर नेहमीसारखे दुःख-भीती कमी करण्याचे उपचार, निम्म्यांवर चांगल्या भावना वाढवण्याचे. दुसऱ्या गटाच्या चांगल्या भावना जास्त वाढल्या, आणि सहा महिन्यांनी पाहिलं तर त्यांचं नैराश्य आणि चिंताही पहिल्या गटापेक्षा कमी होती. एकाच प्रयोगावर उड्या मारू नयेत, पण दिशा बोलकी आहे.

आता मंडळाच्या कामाचं. हवाईतल्या काउई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं व्यसन अशा बऱ्याच अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली सावरली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एक तरी स्थिर, मायेचं मोठं माणूस होतं: आजी, मावशी, शेजारी, शिक्षक. इथे आपल्या मुलांच्या आज्या हजारो मैलांवर आहेत. रविवारच्या मराठी शाळेत पोळीचा डबा उघडून बसणारी काकू ही जागा भरू शकते. तिचं नाव कार्यक्रमपत्रिकेत नसतं.

प्रश्नोत्तरांत एका ताईंनी विचारलं, ‘मुलांचं कौतुक केलं तर ती शेफारत नाहीत का?’ माझं उत्तर असं: ‘तू हुशार आहेस’ हे कौतुक मोघम आहे, मुलाला पकडता येत नाही. काय दिसलं ते सांगा: ‘धाकटीला गणित समजेपर्यंत तू तीनदा समजावलंस, मी बघत होते.’ आणि तिथे थांबा. आपल्याकडे नव्वद मार्क आणले की पुढचं वाक्य ‘दहा कुठे गेले?’ असतं. ती चौकशी दुसऱ्या दिवशी करा.

‘आणि नवऱ्याचं कौतुक?’ असंही मागून कुणीतरी विचारलं, पण तोवर चहा आला.